तहान लागण्याआधीची विहीर

सौदी अरेबियात चार मराठी कुटुंबे एकत्र जमली की गप्पा कुठूनही सुरू होवोत, शेवटी गाडी एकाच स्टेशनावर येऊन थांबते : परत कधी जायचे? मग पुण्यात फ्लॅट घ्यावा की गावाकडचे घर दुरुस्त करावे, मुलांची बारावी इथेच करावी की दहावीनंतर हलावे, साठवलेले पैसे कुठे गुंतवावेत, यावर रात्री बारा-साडेबारापर्यंत चर्चा रंगते. चहाची दुसरी फेरी होते. पण आरोग्य विम्याचा विषय सहसा निघत नाही. निघालाच तर "त्याचं काय, गेल्यावर घेऊ की!" असे म्हणून मंडळी पुन्हा फ्लॅटकडे वळतात. या लेखात मला त्या "गेल्यावर घेऊ"बद्दलच लिहायचे आहे.

असे का होते, हे समजण्यासारखे आहे. इथे विम्याचा विचार आपल्याला करावाच लागत नाही. सौदीत सहकारी आरोग्य विम्याचा कायदा १९९९ साली झाला आणि २००६ पासून तो टप्प्याटप्प्याने, आधी मोठ्या कंपन्यांना, लागू होत गेला. परदेशी कर्मचाऱ्याचा आणि त्याच्या सोबत राहणाऱ्या कुटुंबाचा विमा मालकाने काढायचा आणि हप्ताही त्यानेच भरायचा. विमा नसेल तर इकामा होत नाही. २०२२ मध्ये नियम सुधारले तेव्हा किमान पॉलिसीची वार्षिक मर्यादाही ५ लाख रियालवरून १० लाख रियाल झाली. आपण आजारी पडतो, हॉस्पिटलच्या काउंटरवर इकामा दाखवतो, ठरलेला थोडासा हिस्सा भरतो आणि औषधे घेऊन घरी येतो. रक्तदाब जुना आहे की नवा, मधुमेह सौदीत आल्यावर झाला की येताना बरोबर आणला, याची चौकशी कोणी करत नाही. दहा-पंधरा वर्षे अशी गेली की विमा म्हणजे नळाचे पाणी वाटू लागते. तोटी फिरवली की येणारच!

फायनल एक्झिटचा शिक्का बसला की मात्र तो नळ बंद होतो.

जुबैलला सोळा वर्षे काढलेले आमचे एक स्नेही आहेत. २०१७ च्या जुलैपासून इथे कुटुंबीयांवर मासिक फी सुरू झाली, हे आपल्याला आठवत असेलच. सुरुवातीला माणशी महिना १०० रियाल, मग दरवर्षी शंभराने वाढत २०२० मध्ये ४००. त्या काळात ओळखीची कितीतरी घरे रिकामी झाली. स्नेह्यांनीही २०१८ मध्ये गाशा गुंडाळला आणि ते नाशिकला स्थायिक झाले. माणूस व्यवस्थित. पोहोचल्यावर महिन्याभरात त्यांनी दहा लाखांची कौटुंबिक पॉलिसी घेतली. सातव्या महिन्यात वहिनींच्या पोटात कळा येऊ लागल्या. तपासणीत पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन झाले, उत्तम झाले, पण विमा कंपनीने पैसे द्यायला नकार दिला.

त्यांचा फोन आला तेव्हा आवाज चढलेला होता. "अरे, हप्ता भरलाय, पावती हातात आहे. खडे आधी नव्हते, तिकडचे रिपोर्ट आहेत माझ्याकडे. मग नाही कसं म्हणतात? ही सरळसरळ फसवणूक आहे!" मी पॉलिसीची प्रत मागवून घेतली. रोज कंत्राटांची आणि सॉफ्टवेअरची कागदपत्रे वाचून बारीक अक्षर वाचायची मला सवय झाली आहे. पॉलिसीत एक यादी होती आणि तिच्या डोक्यावर लिहिले होते, की या आजारांवरच्या उपचारांचा खर्च पहिले २४ महिने मिळणार नाही. यादीत पित्ताशयातले खडे होते. फसवणूक नव्हती. कंपनी नियमाने वागली होती.

त्यांना हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "सोळा वर्षं मी विम्यातच होतो रे. एक दिवसाचा खंड नाही. त्याचा काहीच हिशेब नाही?"

दुर्दैवाने, नाही. भारतात ऑक्टोबर २०११ पासून एका कंपनीची पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेता येते आणि आधी काढलेली वर्षे जमेस धरली जातात. पण ही सोय भारतातल्या विमा कंपन्यांमधली आहे. सौदीतल्या विम्याची वर्षे तिथल्या खात्यावर चढत नाहीत. पन्नाशीत परतलेला माणूस विम्याच्या वहीत त्या दिवशी जन्मलेला असतो!

हा प्रतीक्षा काळ, ज्याला सगळे 'वेटिंग पिरियड' म्हणतात, मुळात असतो तरी कशासाठी? मला तो भिशीच्या उदाहरणाने नीट समजला. समजा, वीस घरांची भिशी आहे आणि चिठ्ठ्या न टाकता ज्याला गरज त्याने पैसे उचलावेत असे ठरले आहे. आता कोणी मुलीच्या लग्नाच्या आठवड्यातच भिशीत शिरला, पहिल्याच महिन्यात सगळी रक्कम उचलली आणि पुढच्या महिन्यापासून दिसेनासा झाला, तर बाकीच्या एकोणीस जणांनी काय करायचे? असे दोघे-तिघे निघाले की भिशी मोडते. म्हणून नियम करावा लागतो, की आधी काही महिने भरा, मग उचला. आजार कळल्यावरच विमा घेणाऱ्याला थोपवून धरणारा हा नियम आहे. त्यात प्रामाणिक माणूसही अडकतो, हे खरे आहे. पण दारात उभ्या असलेल्या दोघांपैकी प्रामाणिक कोण, हे कंपनीला कळणार कसे?

मग सौदीत प्रतीक्षा काळ का जाणवत नाही? कारण इथे भिशीत यायचे की नाही, हे आपण ठरवत नाही. कायदा सगळ्यांना एकदम आत घेतो, धडधाकट आणि आजारी, पंचविशीतला आणि पंचावन्नचा. आजार झाल्यावरच विमा घेण्याची मुभा कोणालाच नाही, म्हणून थांबवण्याचीही गरज नाही. जिथे सगळ्यांना एकत्र आणले जाते तिथे थांबावे लागत नाही. जिथे आपण आपल्या सोयीने दार ठोठावतो तिथे थांबावे लागते. एवढे एक सूत्र लक्षात ठेवले की पुढचा गोंधळ पुष्कळ कमी होतो.

भारतातल्या वैयक्तिक पॉलिसीत साधारण तीन प्रकारचे थांबणे असते. पहिले ३० दिवसांचे. पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिले ३० दिवस कोणत्याही आजारासाठी पैसे मिळत नाहीत, अपघाताचा अपवाद सोडून. दुसरे ठरावीक आजारांचे, म्हणजे वहिनींना नडले ते. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुतखडा, पित्ताशयातले खडे, प्रोस्टेट, गर्भाशय काढण्याचे ऑपरेशन, गुडघे बदलणे, अशी ही यादी असते. बहुतेक पॉलिसींत तिची मुदत दोन वर्षे असते. हा आजार आधी नव्हता हे सिद्ध केले तरी उपयोग नाही. पॉलिसी घेतल्यानंतर झाला असला तरीही थांबावेच लागते. या यादीतली बहुतेक ऑपरेशने ठरवून, सवडीने करता येण्याजोगी आहेत, म्हणून ती यादीत आहेत. आणि नेमकी हीच दुखणी चाळिशी-पन्नाशीनंतर दारात उभी राहतात.

तिसरे थांबणे आधीपासून असलेल्या आजारांचे. पॉलिसी घेण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्याचे निदान झाले किंवा ज्यावर औषधोपचार झाले, तो आधीचा आजार. पूर्वी यासाठी कंपन्या चार वर्षांपर्यंत थांबवू शकत होत्या. विमा नियामक संस्थेने, म्हणजे आयआरडीएआयने, २०२४ मध्ये ही कमाल मुदत तीन वर्षांवर आणली. जादा हप्ता घेऊन हा काळ कमी करून देणाऱ्या पॉलिसीही आता आहेत. मात्र त्या कोणाला द्यायच्या हे कंपनी तब्येत पाहून ठरवते. तरुण जोडप्यांनी चौथी गोष्टही पाहावी. बाळंतपणाचा खर्च अनेक पॉलिसींत मुळातच नसतो, आणि असला तर त्यालाही वेगळा प्रतीक्षा काळ असतो.

यात दोन खाचखळगे आहेत. एक म्हणजे खंड. नूतनीकरणाची तारीख चुकली तर वार्षिक पॉलिसीला ३० दिवसांची सवलत मिळते. तेवढ्यात हप्ता भरला तर आधीची वर्षे टिकतात, नाही भरला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. आपल्यासारख्यांना हा धोका जास्त. भारतातले सिमकार्ड रिचार्ज न केल्याने बंद पडलेले असते, ओटीपी त्याच्यावर जातो आणि आठवणीचे पत्र जुन्या पत्त्यावर. दुसरे म्हणजे विम्याची रक्कम वाढवणे. आज ५ लाखांची पॉलिसी घेतली आणि दोन वर्षांनी १० लाखांची केली, तर वाढीव ५ लाखांचा प्रतीक्षा काळ वाढवल्या दिवसापासून नव्याने मोजला जातो. म्हणून लहानशी पॉलिसी घेऊन ठेवू, नंतर वाढवू, हा हिशेब वाटतो तितका सोपा नाही.

विम्याच्या अर्जाचा विषय निघाला की मला माझ्या वडिलांची आठवण येते. ते २०१० मध्ये बँकेतून निवृत्त झाले तेव्हा सांगलीला आईची आणि स्वतःची पॉलिसी घ्यायला बसले. रक्तदाबाची गोळी त्यांना आठ वर्षांपासून चालू होती. एजंट घरोब्यातला होता. तो म्हणाला, "काका, ते बीपीचं लिहू नका. उगाच चार वर्षं लटकाल." वडिलांनी चष्मा पुसला आणि गोळीच्या नावासकट सगळे लिहिले. वर म्हणाले, "अर्जात खोटं लिहून कर्ज नेणाऱ्यांचं पुढे काय होतं, ते मी तीस वर्षं काउंटरच्या या बाजूनं बघितलंय." चार वर्षे २०१४ मध्ये संपली. २०१६ च्या पावसाळ्यात त्यांची अँजिओप्लास्टी झाली. मी इथून निघून मिरजेच्या हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत कंपनीची मंजुरी आलेली होती. मला पैशाची तजवीज करावी लागली नाही. त्यांच्याजवळ बसायला वेळ मिळाला. परदेशात राहणाऱ्या मुलाला याचे मोल काय, हे आपल्यापैकी अनेकांना सांगायला नको.

अर्जातल्या खरेपणाला न्यायालयाचाही आधार आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेश प्रवासाच्या विम्याच्या एका खटल्यात निकाल दिला. अमेरिकेत पोहोचताच हृदयविकाराचा झटका आलेल्या एका प्रवाशाला कंपनीने पैसे नाकारले होते. त्याने मधुमेह अर्जात नमूद केला होता. न्यायालयाने म्हटले, की माणसाने सांगितलेल्या आजाराचा विचार करून एकदा पॉलिसी दिल्यावर त्याच आजाराकडे बोट दाखवून कंपनीला हात झटकता येणार नाहीत. आता २०२४ च्या नियमांनी आणखी एक संरक्षण आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की सिद्ध झालेली लबाडी सोडून, माहिती दिली नव्हती या कारणावर कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. पूर्वी यासाठी आठ वर्षे लागत. तरीही कंपनीने अन्याय केला असे वाटले, तर मुंबई आणि पुण्याला विमा लोकपालांची कार्यालये आहेत. तिथे तक्रारीला शुल्क पडत नाही.

आमच्या घरचा हिशेब सांगतो, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. मुलीची बारावी मार्च २०२८ मध्ये आहे. त्यानंतर परतायचे आमचे ठरले आहे. आमच्या धंद्यात प्रकल्पाची शेवटची तारीख आधी धरतात आणि तिथून मागे मोजत येतात. मीही तसेच केले. मला साखर आहे, सौ.ला थायरॉइड. म्हणजे तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ. २०२८ च्या मार्चमधून तीन वर्षे मागे गेलो तर मार्च २०२५. म्हणून २०२४ च्या डिसेंबरच्या सुट्टीत सांगलीला गेलो तेव्हाच तपासण्या करून घेतल्या आणि तिघांची पॉलिसी सुरू केली. डिसेंबर २०२७ मध्ये तीन वर्षे पूर्ण होतील. परतीच्या सामानाची बांधाबांध त्यानंतर.

सौ.चा प्रश्न अगदी रास्त होता. "इथे कंपनीचा विमा असताना तिथे तीन वर्षं हप्ता भरायचा, आणि वापरायचा कधी? हे पैसे पाण्यातच ना?" मी म्हटले, पाण्यात नाहीत, विहीर खणायची मजुरी आहे ही. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण मुलांना सांगतो. खणायला तीन वर्षे लागणार हे आधीच माहीत असताना तहान लागायची वाट का पाहायची? शिवाय सुट्टीत महिनाभर भारतात असतो तेव्हा हीच पॉलिसी उपयोगी पडते. तिने आकडे स्वतः मांडून पाहिले. वर्षाचा हप्ता आमच्या तिघांच्या विमान तिकिटांपेक्षा कमी निघाला. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला, तेव्हा तिने तो फरक डायरीत नोंदवून ठेवला.

मग ज्यांना उशीर झाला आहे, त्यांचे काय? दारे बंद नाहीत. वर सांगितलेले सूत्र इथे कामी येते. भारतात नोकरी धरली तर कंपनीच्या सामूहिक विम्यात बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवसापासून जुने आजार धरले जातात, कारण तिथेही सगळे एकत्र आत येतात. ती नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते आणि काढलेली वर्षे जमेस धरली जातात. अर्ज मात्र वेळेत करावा लागतो. वयाची ६५ ची जुनी अट २०२४ मध्ये गेली. अर्थात म्हणून प्रत्येक अर्ज मंजूर होईल, असे नाही.

आणि आईवडिलांचे? त्यांना आपण व्हिजिट व्हिसावर इथे आणतो, पण त्या व्हिसाबरोबरचा विमा तातडीच्या उपचारांपुरता असतो. आईचा मोतीबिंदू त्यात बसत नाही. भारतात मात्र ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यापुढच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आधार कार्डावर नोंदणी होते आणि प्रतीक्षा काळ नाही. योजनेतल्या हॉस्पिटलांतच जावे लागते, म्हणून जवळचे कोणते, हे आधी पाहून ठेवावे. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येते. या सुट्टीत गावी गेलात तर मिठाईच्या पुड्याबरोबर एवढे एक काम जरूर करा.

नाशिकच्या स्नेह्यांनी पॉलिसी रागाने सोडून दिली नाही, हे मला सांगायला हवे. वहिनींनी ती सोडू दिली नाही. "दोन वर्षं तर थांबायचंय, त्यातलं अर्धं संपलंसुद्धा," असे त्या म्हणाल्या. २०२३ मध्ये स्नेह्यांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. हर्निया त्याच यादीत होता, पण तोवर मुदत केव्हाच उलटून गेली होती. एका फॉर्मवर सही करून ते घरी आले.

वाचकहो, कोणती कंपनी चांगली, किती लाखांची पॉलिसी घ्यावी, हे मी सांगणार नाही. तो प्रत्येक घराचा प्रश्न आहे. मी एवढेच सुचवीन, की आज हा अंक वाचून झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी मिळून एका कागदावर परतीचे साल लिहा, अंदाजाने लिहिलेत तरी चालेल. त्यातून तीन वजा करा. जो आकडा येईल, ते विहीर खणायला घेण्याचे साल. ते पुढे असेल तर कॅलेंडरवर खूण करा. ते उलटून गेले असेल, तर येत्या सुट्टीतच सुरुवात करा.

आणि ती विहीर खणून झाल्यावर तिचे पाणी काढायची वेळ आपल्यापैकी कोणावरही न येवो, हीच सदिच्छा.